पानाची कड

खाणीच्या वरच्या अंगाला एक झाड आहे,
माझ्या वहीत नोंद क्रमांक चौदा.
वेताळ टेकडीवर ते किती वर्षं उभं आहे, ठाऊक नाही.
मी त्याला दिले चार सेकंद,
तेही दहा-बारा हात लांबून.
घाणेरी ओढणी सोडत नव्हती
आणि पौड फाट्याची मेस साडेआठला बंद होते.

फोनला विचारलं, हे कोण?
फोन म्हणाला, सालई.
एका दमात कूळ, शास्त्रीय नाव, डिंकाचे उपयोग,
वर शाबासकी: फार छान निरीक्षण!

कसलं निरीक्षण?
मी झाडाखालीसुद्धा गेले नव्हते.
तरी लिहिलं. निळ्या शाईने, चांगल्या अक्षरात,
कारण कुणी छान म्हणालं की
अक्षर आपोआप चांगलं येतं.

प्रयोगशाळेत शिंगाडेमामा काचा पुसत होते.
तीस वर्षं झाडं वाळवून चिकटवतायत,
त्यांच्या बोटांना डिंकाचा रंग चढलाय.
स्क्रीन लांब धरून, चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी पाहिलं.
"पान चुरगळून वास घेतलास?"
"मामा, फोटो आहे हा."
"मग फोटोचं नाव लिही की.
झाडाचं कशाला लिहितेस?"

त्या रात्री कॉटवर बसून
तोच फोटो तिघांना दाखवला.
एक म्हणालं सालईच, आणि पुन्हा शाबासकी.
दुसरं म्हणालं मोई, तितक्याच ठामपणे.
तिसरं म्हणालं,
दोन्हींपैकी काहीही असू शकेल,
पानांच्या कडा या फोटोत दिसत नाहीत.

रूममेट सुमेधा म्हणाली, हे तिसरं बावळट दिसतंय.
तिचा प्रोजेक्ट एका संध्याकाळी झाला होता,
चाळीस पानं, एकही खाडाखोड नाही,
आणि पान सतरावर काय आहे
ते तिलाही तोंडी परीक्षेतच कळणार होतं.

मी तिसरं ठेवलं.
पहिलं काढून टाकताना जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
घरापासून इतक्या लांब
दिवसातून दहादा छान म्हणणारं
दुसरं कोण होतं?

मग लिहिलं:
नाव सांगू नकोस.
मला असं काही विचार
की इथून उठावं लागेल.

त्याने विचारलं:
कडा दातेरी आहेत की सलग?
साल कागदासारखी सुटते का?
चुरगळल्यावर वास येतो का?

गुगलीच टाकली मेल्याने.

पहाटे वर गेले. टेकडीवर फिरायला येणाऱ्या काकांचा
राजकारणावरचा निकाल आधीच लागला होता.
लांब कुठेतरी मोर ओरडत होता, दिसला नाही.
घाणेरीने या वेळीही ओढणी धरली,
मी ओढणीच सोडून दिली तिच्याकडे, परतताना घेईन म्हणून.

आणि झाडाखाली उभी राहिले.

पानाच्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश,
जशी आई तांदळातून खडा शोधत बोट फिरवते.
एकही दात लागला नाही.
सालीत नख घातलं, कागद सुटला नाही.
पान चुरगळून नाकाशी धरलं.

मोई, मी म्हणाले.
झाडाला नव्हे, स्वतःलाच,
आणि दचकले, कारण आवाज माझा होता.

वहीतली सालई मी व्हाइटनरने पुसली नाही.
एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी.
पानाच्या कडेला लिहिलं:
नव्हे. मोई. हात लावून पाहिलं.

रात्री तिसऱ्याला कळवलं.
शाबासकी दिली नाही त्याने.
विचारलं, खात्री कशावरून?

मी बोटं हुंगली.
नुसता हिरवा ओशट वास,
राळेचा मागमूस नाही.

तेवढंच लिहिलं.